खाडाखोड न करता दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलायचे ठरवले आहे त्याचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. सिमँटिक वेब आणि त्यासाठी तयार होणाऱ्या ऑन्टॉलॉजींच्या आवृत्त्या कशा सांभाळाव्यात, असा तो विषय आहे. नाव परके असले तरी त्यातली अडचण तुमच्या ओळखीची आहे. म्हणून मी सुरुवात संगणकापासून न करता शाळेच्या कचेरीतल्या एका वहीपासून करतो.

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. मूल शाळेत दाखल झाले की त्याला त्यात एक क्रमांक मिळतो. मूल शाळा सोडून गेले, म्हणून तो क्रमांक दुसऱ्या मुलाला दिला जात नाही. नोंदीत चूक झाली असेल तर लेखनिक ती खोडरबराने पुसत नाही. जुना मजकूर वाचता येईल अशा बेताने त्यावर रेघ मारतो, वरिष्ठांच्या मंजुरीने नवा मजकूर लिहितो, आणि शेजारी सही व तारीख येते. पुढे तीस वर्षांनी कोणी दाखल्याची नक्कल मागायला आला, तर आधी काय लिहिले होते, नंतर काय झाले, आणि ते कोणी व केव्हा केले, हे सगळे त्या एका पानावर दिसते.

तुमच्यापैकी अनेकांना आणखी एक अनुभव असेल. घराण्याचे नाव 'शेख' असे एकच. पण जन्माच्या दाखल्यावर त्याचे इंग्रजी स्पेलिंग एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसरे. माणूस तोच असतो, पण कागद त्याला तीन माणसे समजतात. नाव वेगळे आणि ओळख वेगळी, हा धडा या समाजातल्या पालकांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. संगणकशास्त्रज्ञांना मात्र तो बराच काळ झगडून शिकावा लागला.

आता मूळ विषयाकडे वळू. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. हे जाळे माणसांनी वाचायचे होते. पानावर 'मोतीबिंदू' असा शब्द असेल तर तुम्ही आम्ही तो वाचून समजतो. यंत्राला मात्र ती केवळ अक्षरांची ओळ दिसते. मे २००१ मध्ये बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात एक लेख लिहून पुढची पायरी सांगितली. वेबवरची माहिती अशी लिहावी की तिचा अर्थ यंत्रालाही लावता यावा. त्या कल्पनेला सिमँटिक वेब म्हणतात.

यासाठी लागते ती ऑन्टॉलॉजी. हा शब्द तत्त्वज्ञानातून आला आहे, पण येथे त्याचा अर्थ साधा घ्यावा. एखाद्या विषयातील संकल्पना कोणत्या, त्यांचे एकमेकींशी नाते काय आणि त्यांना कोणते नियम लागू आहेत, हे यंत्राला कळेल अशा काटेकोर भाषेत लिहून ठेवलेली सामायिक यादी म्हणजे ऑन्टॉलॉजी. मोतीबिंदू हा डोळ्यातल्या भिंगाचा विकार आहे, आणि भिंग हा डोळ्याचा भाग आहे, एवढे त्यात लिहिले आणि अवयवाच्या भागाचा विकार हा त्या अवयवाचाही विकार धरावा असा नियम दिला, की मोतीबिंदू हा डोळ्याचा विकार आहे हे यंत्र स्वतः ताडते. मग डोळ्यांच्या सर्व रुग्णांची यादी मागितली की मोतीबिंदूचा रुग्णही त्यात येतो, जरी त्याच्या कागदावर 'डोळा' हा शब्द कोठेच नसला तरी. हे लिहिण्याची प्रमाण भाषा फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य झाली आणि तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २००९ मध्ये आली. या भाषेच्या आद्याक्षरांचा क्रम थोडा फिरवून तिला 'आउल', म्हणजे घुबड, असे नाव दिले आहे. शास्त्रज्ञांनाही विनोदाची हौस असते!

ऑन्टॉलॉजीतील प्रत्येक संकल्पनेला वेबवरचा एक पत्ता असतो आणि तोच तिचा जनरल रजिस्टरातला क्रमांक. जगातल्या कोणत्याही रुग्णालयाने, ग्रंथालयाने किंवा प्रयोगशाळेने तो पत्ता वापरला की सगळे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत असे धरता येते. यादी एकाने केलेली असते आणि तिच्यावर उभे राहिलेले काम हजारोंचे असते. यादी करणाऱ्याला ते हजार लोक कोण, हे बहुधा ठाऊकही नसते.

आणि ज्ञान तर बदलत राहते. तेव्हा यादीही बदलावी लागते. येथून खरी पंचाईत सुरू होते, कारण सगळे बदल एका जातीचे नसतात.

सर्वांत सौम्य बदल म्हणजे नुसते नाव बदलणे. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती. 'सेप्ट-१' या जनुकाचे नाव एक्सेलच्या तक्त्यात टाकले की एक्सेल त्याची १ सप्टेंबर ही तारीख करून टाकी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका शिरल्या आहेत. अखेर २०२० साली नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली; 'सेप्ट-१' चे 'सेप्टिन-१' झाले. पण त्या समितीच्या यादीत जनुकाचा क्रमांक तोच राहिला आणि जुने नाव 'पूर्वीचे नाव' म्हणून शेजारी नोंदले गेले. त्यामुळे जुना निबंध वाचणारा विद्यार्थी आजही वाट चुकत नाही.

दुसरा बदल जागेचा. रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १८९३ सालापासून चालत आले आहे आणि १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघाताचा झटका, ज्याला डॉक्टर स्ट्रोक म्हणतात, तो रक्ताभिसरणाच्या विकारांच्या प्रकरणात होता. अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात स्ट्रोक मज्जासंस्थेच्या विकारांत गेला. वैद्यकीय दृष्टीने हा बदल योग्यच आहे. पण कोणी दोन्ही काळांतल्या मृत्यूंची प्रकरणवार बेरीज करून शेजारी शेजारी ठेवली, तर रक्ताभिसरणाच्या रोगांनी मरणारे एकाएकी कमी झाले आणि मज्जासंस्थेच्या रोगांनी मरणारे वाढले असे दिसेल. माणसे तितकीच दगावली. नोंदीचा कप्पा तेवढा बदलला. संगणक ही गोष्ट आपणहून सांगणार नाही. तो बेरीज अचूक करील आणि निष्कर्ष चुकीचा हाती देईल.

तिसरा बदल सर्वांत फसवा, कारण त्यात नाव तेच राहते आणि अर्थ बदलतो. याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती आणि तो देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आता 'ठाणे जिल्हा' असे लिहिले तर तो कोणता ठाणे? २०११ चा आकडा आणि त्यानंतरच्या जनगणनेचा आकडा एकाच रेषेवर मांडला, तर डहाणू, जव्हार, वसईची माणसे हवेत विरून गेल्यासारखी दिसतील. जाणता माणूस ही चूक करणार नाही, कारण पालघर वेगळा झाल्याचे त्याला आठवते. यंत्राला आठवण नसते. ती आपण लिहून द्यावी लागते. 'ठाणे, ३१ जुलै २०१४ पर्यंत' आणि 'ठाणे, १ ऑगस्ट २०१४ पासून' या दोन वेगळ्या गोष्टी मानून त्यांना दोन ओळख क्रमांक द्यावेत, आणि पहिल्यातून दुसरा व पालघर असे दोन निघाले हे नातेही नोंदवावे, हाच त्यावरचा उपाय आहे.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? नवी यादी आली की जुनी फेकून द्यावी आणि सर्वांनी नवी वापरावी. हा मार्ग सोपा आहे आणि अनेकांनी तो धरलाही आहे. त्याने काय होते ते पाहण्यासाठी मी दोन कामांची थोडी विस्ताराने ओळख करून देतो, कारण माझ्या मते ही दोन कामे या विषयातली खरी पाठशाळा आहेत.

पहिले काम म्हणजे जीन ऑन्टॉलॉजी. १९९८ साली फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या जनुकांच्या माहितीचे साठे सांभाळणारे शास्त्रज्ञ एकत्र आले. एकच गोष्ट माशीवाले एका शब्दात सांगत, उंदीरवाले दुसऱ्या. त्यांनी सामायिक संज्ञा ठरवल्या आणि प्रत्येक संज्ञेला सात आकडी क्रमांक दिला. एखादी संज्ञा निरुपयोगी ठरली तर ती यादीतून काढून टाकत नाहीत. तिचा क्रमांक राहतो, नावाच्या आधी 'कालबाह्य' असा शिक्का बसतो, आणि पुढे कोठे जायचे तेही लिहिले जाते. येथे त्यांनी एक बारकावा पाळला आहे, जो मला फार मोलाचा वाटतो. जुन्या संज्ञेची जागा नेमकी एका नव्या संज्ञेने घेतली असेल तर 'हिच्याऐवजी ती' अशी नोंद होते आणि संगणकाने परस्पर बदल केला तरी चालतो. पण नेमका पर्याय नसेल, तर केवळ 'यांचा विचार करावा' असे लिहितात. त्याचा अर्थ असा, की येथे यंत्राने हात लावू नये. जाणत्या माणसाने नोंद पाहून ठरवावे. दोन संज्ञा एकच निघाल्या तर त्या एक करतात, पण मावळलेल्या संज्ञेचा क्रमांक दुय्यम क्रमांक म्हणून उरलेल्या संज्ञेला चिकटलेला राहतो. शिवाय संपूर्ण यादी तारीख घालून पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होते, म्हणजे संशोधकाला 'मी अमुक तारखेची आवृत्ती वापरली' असे लिहिता येते.

हे सारे करूनही काय होऊ शकते ते २०१६ च्या एका अभ्यासात दिसले. जनुकांच्या याद्यांचा अर्थ लावण्यासाठी संशोधक तयार साधने वापरतात. २०१५ सालच्या सुमारे ३,९०० शोधनिबंधांपैकी ६७ टक्के निबंधांत जुनाट माहितीवर चालणारे साधन वापरले होते, आणि ताज्या माहितीतून जितक्या जैविक प्रक्रिया सापडतात त्यांतल्या केवळ २६ टक्के त्या जुन्या साधनाला सापडत होत्या. मूळ यादी पुढे गेली होती, साधन मागे राहिले होते, आणि ते वापरणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. कर्करोगावर संशोधन करणारी एखादी विद्यार्थिनी वर्षभर राबते आणि तिच्या उत्तराचा तीनचतुर्थांश भाग आवृत्तीच्या तारखेत हरवतो, हे नुकसान लहान नव्हे.

दुसरे काम वैद्यकीय नोंदींचे. स्नोमेड सीटी नावाचा रोगचिकित्सेतील संज्ञांचा एक प्रचंड साठा आहे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन संज्ञाव्यवस्थांच्या मीलनातून तो २००२ साली सिद्ध झाला. भारत २०१४ पासून त्याचा सभासद आहे आणि आपल्या देशापुरते त्याचे काम पाहणारे केंद्र पुण्यात, सी-डॅक या संस्थेत आहे, हे येथे मुद्दाम सांगतो.

या साठ्यात प्रत्येक संकल्पनेची एक ओळ असते. त्या ओळीत तिचा क्रमांक, अंमल सुरू होण्याची तारीख, आणि ती चालू आहे की नाही हे सांगणारा एक किंवा शून्य. बदल झाला की जुनी ओळ पुसत नाहीत. नव्या तारखेची नवी ओळ खाली लिहितात. सगळ्या ओळींची मिळून जी पूर्ण संचिका प्रसिद्ध होते तिला विचारता येते की अमुक वर्षी अमुक दिवशी ही संज्ञा चालू होती काय. म्हणजे पुन्हा आपले जनरल रजिस्टर! संज्ञा बंद का केली याचे कारणही लिहावे लागते. ती दुसऱ्या संज्ञेची नक्कल होती, की चुकीची होती, की जुनाट झाली होती, की तिचे दोन अर्थ निघत होते, हे स्पष्ट केले जाते. दोन अर्थ निघत असतील तर 'बहुधा ही, किंवा ती' असे पर्याय दिले जातात आणि निवड डॉक्टरांवर सोडली जाते.

याचे महत्त्व कोणाच्या जिवाशी जाऊन भिडते ते पाहा. समजा, एका रुग्णाला एका औषधाची ॲलर्जी आहे आणि दहा वर्षांपूर्वी त्याच्या कागदावर तिची नोंद एका क्रमांकाने झाली आहे. मधल्या काळात ती संकल्पना बंद होऊन तिच्या जागी दुसरी आली. आता रुग्णालयातला संगणक फक्त चालू संकल्पना तपासत असेल आणि जुन्या क्रमांकावरून नव्याकडे जाण्याची वाट त्यात बसवलेली नसेल, तर डॉक्टर तेच औषध लिहितील तेव्हा पडद्यावर धोक्याची सूचना येणारच नाही. ॲलर्जीची नोंद आहे, औषधाची नोंद आहे, संगणकही चालू आहे. दोहोंमधला दुवा तेवढा तुटलेला आहे. अशा वेळी दोष शोधू गेल्यास कोणत्याही एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही.

ऑन्टॉलॉजीच्या प्रमाण भाषेत यासाठी सोय आहे. संपूर्ण ऑन्टॉलॉजीला एक कायमचा पत्ता आणि प्रत्येक आवृत्तीला आणखी एक स्वतंत्र पत्ता देता येतो. पहिल्या पत्त्यावर नेहमी ताजी आवृत्ती मिळावी आणि दुसऱ्यावर ती विशिष्ट आवृत्ती, अशी कल्पना आहे. इयत्ता दहावीचे बालभारतीचे पुस्तक म्हटले की चालू पुस्तक; पण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक हे सांगावेच लागते, तसेच हे. याखेरीज आधीची आवृत्ती कोणती, ही आवृत्ती तिच्याशी जुळते की नाही, कोणत्या संज्ञा यापुढे वापरू नयेत, हेही लिहिता येते. मात्र 'जुळते' असे लिहिले म्हणजे ते खरेच जुळते, असे नाही. तो केवळ कर्त्याचा दावा असतो. यंत्र त्याची शहानिशा करत नाही. ही मला या व्यवस्थेतली कच्ची बाजू वाटते. शिवाय एकाला जुळणारा बदल दुसऱ्याला मोडणारा असू शकतो. संज्ञेचे नुसते नाव छापणाऱ्याला ती झाडाच्या कोणत्या फांदीवर आहे याचे सुखदुःख नसते, पण फांदीवरच्या सगळ्या नोंदी मोजणाऱ्याचे उत्तरच पालटते.

दोन आवृत्त्यांतला फरक शोधणेही वाटते तितके सोपे नाही. निबंधाच्या दोन प्रती ओळीला ओळ लावून ताडता येतात. ऑन्टॉलॉजीत ओळींचा क्रम बदलला तरी अर्थ तिळमात्र बदलत नाही, आणि उलट एकच ओळ हलवली तर यंत्राचे शेकडो निष्कर्ष बदलू शकतात. म्हणून अक्षरे न ताडता रचना ताडणारी साधने तयार करावी लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील नतालिया नॉय आणि मार्क म्यूसेन यांनी २००२ साली असे एक साधन मांडले. त्याआधी एक वर्ष मिशेल क्लाइन आणि डीटर फेन्सेल यांनी सिमँटिक वेबवरील आवृत्त्यांचा प्रश्न एका निबंधात व्यवस्थित मांडला होता.

पत्त्यांविषयी एक गंमत सांगतो. माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध यांचे वर्णन करणारी 'फोफ' नावाची एक लहानशी संज्ञावली २००० साली सुरू झाली. कर्त्यांनी तिच्या पत्त्यातच '०.१' हा आवृत्ती-क्रमांक घातला. संज्ञावली वाढत गेली, पण पत्त्यातला ०.१ तसाच राहिला. कारण तो बदलला असता तर प्रत्येक संज्ञेची ओळखच बदलली असती आणि जगभर विखुरलेल्या नोंदी अनाथ झाल्या असत्या. म्हणून त्यांनी पत्ता गोठवला आणि प्रत्येक संज्ञेवर स्वतंत्रपणे 'चाचणीत', 'स्थिर', 'जुनी' असे शेरे मारले. तरुण वयात ठेवलेले लाडाचे नाव म्हातारपणीही पुसले जात नाही, त्यातलाच हा प्रकार!

पालकहो, या कामाला कोणती माणसे लागतात याविषयी दोन शब्द बोलतो. संगणकाची भाषा येणारे तर लागतातच. पण एखादी संज्ञा बंद करावी की तिचे दोन भाग करावेत, हे संगणक ठरवत नाही. ते ठरवायला विषय जाणणारा डॉक्टर, परिचारिका, जीवशास्त्रज्ञ किंवा ग्रंथपाल लागतो. आणि संकल्पनेचा क्रमांक जगभर एकच असला तरी तिचे नाव अनेक भाषांत देता येते, म्हणून भाषा जाणणाराही लागतो. घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, अशी तीन भाषांची ये-जा ज्या मुलामुलींच्या अंगवळणी पडलेली आहे, त्यांना एका शब्दाचे दोन अर्थ कोठे होतात हे पटकन कळते. ग्रंथालयशास्त्र किंवा परिचर्या शिकणाऱ्या मुलीला कोणी 'संगणकाचा तुझा काय संबंध' असे म्हणाले, तर तिने ते मनावर घेऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला स्वतः पाहायचे असेल तर खर्च काही नाही. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेले प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी लिहिण्याचे साधन फुकट मिळते. जीन ऑन्टॉलॉजीच्या जुन्या तारखांच्या आवृत्त्याही खुल्या आहेत. एक वर्षाच्या अंतराच्या दोन आवृत्त्या उतरवून घ्या आणि नव्या आवृत्तीत नव्याने 'कालबाह्य' शिक्का बसलेल्या दहा संज्ञा शोधा. त्यांतल्या किती संज्ञांपुढे 'हिच्याऐवजी ती' असे आहे, किती ठिकाणी 'यांचा विचार करावा' एवढेच आहे, आणि किती ठिकाणी पुढची वाटच दिलेली नाही, ते एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखून मांडा. नंतर तो कागद आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा आणि तिसऱ्या रकान्यातली एखादी संज्ञा तुमच्या प्रयोगवहीत असती तर तुम्ही काय लिहिले असते, ते त्यांच्याशी बोला.